इतर अधिकार

तलाठी नोकरीतून निवृत्त होतो, पण त्याचे डोळे निवृत्त होत नाहीत. जमीन दिसली की आधी चतुःसीमा बघायची, मग पीक, मग वहिवाट कुणाची ते. 31 वर्षं हेच केलं. आता गावी येऊन बसलो तरी सकाळी चहाचा कप घेऊन मागीलदारी जातो, तेव्हा पाय आपोआप बांधावरून चालल्यासारखे पडतात.

आमचं परस म्हणजे साडेचार गुंठे. पूर्वेस वहाळ, पश्चिमेस घर, उत्तरेस शेजाऱ्यांच्या काजू आणि दक्षिणेस गडगा. गडगा म्हणजे जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक रचून केलेली कमरेएवढी भिंत. त्यात ना चुना ना सिमेंट. माझ्या आजोबांनी रचलेला, दर पावसाळ्यात कुठे ना कुठे ढासळणारा आणि दर दिवाळीनंतर पुन्हा रचला जाणारा. आत एक फणस, एक रायवळ आंबा, दोन हापूसची कलमं, लिंबू, कढीलिंब, न्हाणीच्या पाण्यावर वाढणारं अळू, चार केळी आणि एक वठलेला माड.

गेल्या मे महिन्यात मुलगा पुण्याहून आला. सोबत सून आणि दोन नातवंडं. थोरली आठवीत, धाकटा चौथीत. दुसऱ्याच दिवशी मुलाने कमरेवर हात ठेवून जाहीर केलं, "बाबा, हा गडगा काढून टाकू. चिऱ्याचं पक्कं कंपाउंड घालू, आत पेव्हर ब्लॉक, कोपऱ्यात एक हॅलोजन. हे सगळं गचपण एकदाचं साफ होईल. जेसीबीवाल्याशी बोललोय. पावसाआधी नाही जमलं तर दिवाळीनंतर."

मी काही बोललो नाही. तलाठ्याने घाईने बोलू नये, हा नोकरीतला पहिला धडा.

संध्याकाळी झोपाळ्यावर धाकटा येऊन टेकला. "आजोबा, परसाचे मालक तुम्ही ना? मग नको म्हणा की."

"सातबारावर नाव माझं आहे, खरं," मी म्हटलं. "पण सातबारावर मालकाच्या नावाशिवाय आणखी एक रकाना असतो. 'इतर अधिकार'. कुणी कूळ असेल, कुणाचा विहिरीवर पाण्याचा हक्क असेल, ते तिथे लिहिलेलं असतं. मालक कुणी का असेना, त्या रकान्यातल्यांना डावलून पुढे जाता येत नाही. नवा फेरफार घालायचा तर तलाठी आधी हितसंबंधितांना नोटीस काढतो. पंधरा दिवसांत हरकत आली तर सुनावणी, नाही आली तर नोंद मंजूर."

"आपल्या परसात आहे कोण इतर अधिकारात?" थोरलीने पुस्तकातून डोकं वर काढलं.

"ते बघायला लागेल. पीकपाहणी करायला लागेल. आता 2021पासून शेतकरी मोबाइलवर फोटो काढून ई-पीक पाहणी करतात. आमच्या वेळी उन्हातान्हात बांधावरून फिरत असू. आपण जुन्या पद्धतीने करू."

थोरलीने एक अर्धी वापरलेली वही आणली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: हितसंबंधितांची यादी.

पहिलं नाव वठलेल्या माडावर सापडलं. तीन वर्षांपूर्वी सोनपाठी सुताराने त्या माडाला भोक पाडून घर केलं, पिल्लं वाढवली आणि निघून गेला. रिकाम्या घरात आता दयाळ राहायला आला होता. काळा-पांढरा, शेपटी वर उचलून फिरणारा, पहाटे चारलाच गायला बसणारा. दयाळाची चोच काही लाकूड पोखरायची नाही. त्याला आयतं भोक लागतं. सुतार म्हणजे कूळ आणि दयाळ म्हणजे पोटकूळ, असं मी सांगितलं तेव्हा थोरलीने दोन्ही नावं एकाखाली एक लिहून कंसात नातं लिहिलं. वठलेला माड तोडून टाका म्हणून मला चार जणांनी सांगितलं होतं. जिवंत माडापेक्षा मेलेल्या माडावर भाडेकरू जास्त असतात, हे मला उशिरा कळलं.

दोन दिवसांनी दयाळाचं एक पिल्लू खाली अळवात सापडलं. धाकटा बुटाचा खोका घेऊन धावत आला. "आजोबा, आता त्याची आई घेणार नाही ना? माणसाचा हात लागला की पक्षी टाकून देतात, असं म्हणतात."

म्हणतात खरं, पण तसं नसतं. माणसाच्या हाताचा वास आला म्हणून पाखरं आपलं पोर टाकत नाहीत. शिवाय पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू घरट्यातून पडलेलं नसतं, ते शाळेत निघालेलं असतं. आम्ही त्याला लिंबाच्या फांदीवर, मांजराच्या उडीपलीकडे ठेवलं आणि पडवीत येऊन गप्प बसलो. दहा मिनिटांत आई चोचीत नाकतोडा घेऊन हजर. खोका परत माळ्यावर गेला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. कोकणात यात नवल नाही, पण त्या रात्री ते बरं झालं. मुलं पंख्यावाचून कावली होती, म्हणून मी त्यांना मागीलदारी नेलं. वहाळाच्या बाजूला आधी एक ठिणगी दिसली. मग तीन. मग डोळे अंधाराला सरावले तसा सगळा काठ लुकलुकायला लागला.

धाकट्याने एक काजवा मुठीत घेतला आणि लगेच उघडून म्हणाला, "भाजत नाही!"

"भाजेल कसा? आपल्या जुन्या पिवळ्या बल्बला आठव. हात लावला तर चटका. कारण त्यात वीज ओतली की उजेड थोडा आणि उष्णता ढीगभर. काजव्याच्या पोटात लुसिफेरिन नावाचा पदार्थ असतो, त्याला हवेतला प्राणवायू भेटला की उजेड होतो, आणि उष्णता जवळजवळ नाहीच. माणसाने इतकी काटकसर करायला एलईडीपर्यंत वाट बघितली."

"पण तो लुकलुकतो कशाला?"

"लग्न जमवायला. उडतो तो बहुतेक नर. खाली गवतात मादी बसलेली असते. प्रत्येक जातीची लुकलुक वेगळी, तारेच्या मास्तरांच्या कडकट्टसारखी. नर आपली खूण करतो आणि मादीने ठरलेल्या वेळाने उत्तर दिलं की तो खाली उतरतो. आता विचार कर, तू कुणाशी कुजबुजत बोलतोयस आणि शेजारी कुणी डीजे लावला."

थोरली हळूच म्हणाली, "हॅलोजन."

मी तिला उत्तर दिलं नाही, कारण मला त्यांना दुसरीच गोष्ट सांगायची होती, आणि ती माझ्याविरुद्ध होती. काजवा म्हणून तो जगतो ते थोडे दिवस. आयुष्याचा मोठा भाग तो अळी असतो, ओल्या पातेऱ्याखाली गोगलगायी शोधत फिरणारी अळी. गोगलगाय सापडली की तिला चावून लुळी करते आणि तिचं कालवण करून पिते. म्हणजे काजवे हवे असतील तर पातेरा हवा आणि गोगलगायी हव्यात. आणि मी काय करत होतो? दर शिमग्याच्या सुमारास परस झाडून, फणसाचा आणि आंब्याचा सगळा पातेरा एका कोपऱ्यात गोळा करून पेटवत होतो. वीस वर्षं. वर गोगलगायींना मीठ. आणि दर मे महिन्यात पडवीत बसून शेजाऱ्याला सांगत होतो, काय हो, आमच्या लहानपणी काजवे किती असायचे!

अलीकडे लोक काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गाड्या घेऊन जातात. हेडलाइट लावून काजवे शोधणाऱ्यांबद्दल मी काय बोलणार? मी तर ते घरच्या घरी जाळत होतो. गेली सहा वर्षं पातेरा कलमांच्या बुंध्याशी पसरून ठेवतो. वहाळाच्या कडेचा तर हलवतच नाही.

7 जूनला मृग लागला आणि मुलांच्या नशिबाने त्याच रात्री पाऊस आला. मातीचा वास घराच्या आतल्या खोलीपर्यंत. दिवा लावला तर भोवती पंखवाल्यांची झुंबड. "मुंग्यांना पंख फुटले," सून म्हणाली. सगळेच तसं म्हणतात. पण त्या मुंग्या नव्हेत, ती वाळवी. आणि वाळवीचं जवळचं गणगोत मुंग्यांत नाही, झुरळांत आहे. वर्षभर अंधारात राहून वारुळातली ही राजकुमार-राजकन्यांची वरात पहिल्या पावसाला बाहेर पडते, घटकाभर उडते, जमिनीवर येऊन पंख झटकून टाकते आणि जोडीजोडीने बीळ शोधायला लागते. हजारांतून एखादी जोडी नवं वारूळ वसवते. बाकीच्यांचं काय झालं ते आम्ही उंबऱ्यात बसून पाहिलं. भिंतीवरच्या पालींनी रांग लावली. पायरीवर बेडूक. सकाळी तारेवर कोतवाल. परसातल्या निम्म्या संसारांचं वर्षाचं पहिलं मोठं जेवण होतं ते. आम्ही दिवा मालवला, कारण उरलेल्यांना आपल्या कामाला जाऊ द्यायचं होतं.

सकाळी गडग्याच्या पायथ्याशी धाकट्याला लाल मखमलीचा तुकडा चालताना दिसला. मृगाचा किडा. पावसाच्या पहिल्या दिवसांतच दिसतो, मग पुन्हा पुढच्या वर्षी. मी म्हटलं, पाय मोज. आठ भरले. म्हणजे हा किडा नव्हेच, कोळ्यांचा भाऊबंद. एवढा भडक रंग घालून उघड्यावर मिरवतो, कारण तोंडात घेणाऱ्याला तो आवडत नाही. रंग म्हणजे पाटी: खाल तर पस्तावाल.

वहाळाच्या डबक्यात बेडकांचं संमेलन भरलं होतं. एरवी चिखलाच्या रंगाचे मोठे बेडूक हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक झालेले, गालांशी निळे फुगे. ओरडणारे सगळे नर. एक काळ असा होता की या बेडकांच्या तंगड्या बोटींत भरून परदेशी जात. 1987 साली ती निर्यात बंद झाली. गोव्याकडे अजून पावसाळ्यात चोरून 'जंपिंग चिकन' शिजतं, ते वेगळं. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. बेडकाच्या पोटात रोज जे किडे जातात, ते तो मेला तर भाताच्या खाचरात जातात.

आणि अंगणभर गांडुळं. थोरलीने नाक मुरडलं. मी म्हटलं, "त्याचं नाव यादीत सगळ्यात वर घाल. कुळकायद्यात 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक झाली. कसेल त्याची जमीन. त्या हिशेबाने हे परस गांडुळाचं. डार्विन माहीत आहे ना? माकड-माणूसवाला? त्याचं अगदी शेवटचं पुस्तक, 1881 सालचं, गांडुळांवर आहे. इंग्लंडमध्ये कित्येक ठिकाणी एका एकरात वर्षाला 10 टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याने हिशेब मांडला. म्हातारा इतका नादी की गांडुळांना ऐकू येतं का बघायला त्यांच्यासमोर शिट्टी वाजवली, पियानो वाजवला, मुलाला फुंकायचं वाद्य वाजवायला लावलं. गांडुळं ढिम्म. मग कुंडी पियानोवरच ठेवली आणि स्वर वाजवला, तशी गांडुळं झटकन बिळात! ऐकू येत नाही, पण थरथर कळते."

धाकट्याने लगेच जमिनीवर पाय आपटून बघितला.

मग शाळा सुरू व्हायची म्हणून मुलं गेली. जेसीबीवाल्याला पावसाने गाठलं होतं, त्यामुळे कंपाउंडचा विषय दिवाळीवर गेला. वही माझ्याकडेच राहिली, पण थोरलीने बजावून ठेवलं होतं, "आम्ही नसताना कुणाचं नाव घालायचं नाही. पाहणी समक्ष."

गणपतीला ती पुन्हा आली, तेव्हा खरीप ऐन भरात होता. सुनेने येताच कढीलिंबाकडे बोट दाखवलं. पानं खाल्लेली, आणि त्यांवर चिमणीची शिट पडावी तसे काळे-पांढरे ठिपके. तिने पाण्याचा पाइप ओढला. "थांब," मी म्हटलं, "काडीने हळूच डिवच." थोरलीने डिवचलं आणि ती शिट वळवळली. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहान असताना शिटेचं सोंग घेते. शिट कोण खातो? मोठी झाली की पानासारखी हिरवी होते, आणि तरीही कुणी छेडलं तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर काढून उग्र वास सोडते. महाराष्ट्राने 2015 साली आपलं राज्य फुलपाखरू ठरवलं ती काळी-निळी राणी पाकोळीसुद्धा अशीच लिंबू-पपनसाच्या पानांवर वाढते. फुलपाखरू हवं आणि अळी नको, हा हिशेब कुठल्याच वहीत जमत नाही. सुनेने पाइप बंद केला. आमटीला वरच्या फांद्यांची पानं, अळ्यांना खालच्या, असा तोडगा निघाला.

खरी मजा झाली ती खिडकीच्या चौकटीवर. तिथे मातीचं बोराएवढं मडकं चिकटलेलं होतं. इवलीशी मान, काठ बाहेर वळवलेला, कुंभाराने चाकावर फिरवावं तसं. बारीक कमरेची एक माशी एक हिरवी अळी कशीबशी आत ढकलत होती.

"कुंभारीण," मी म्हटलं. "हिच्याबद्दल माझ्या आजीने मला सांगितलं ते आधी ऐका. कुंभारीण अळी धरून आणते, मडक्यात कोंडते आणि बाहेर गुणगुणत राहते. आतली अळी भीतीने तिचंच ध्यान करते. रात्रंदिवस तिचाच विचार. शेवटी विचार करता करता अळीचीच कुंभारीण होते आणि मडकं फोडून उडून जाते. याला भ्रमरकीटन्याय म्हणतात. कीर्तनात बुवा सांगायचे, जिवाने देवाचं असंच ध्यान केलं की जीवच देव होतो."

"खोटं आहे," थोरली म्हणाली.

"गोष्ट खोटी म्हणू नकोस. पाहणी अगदी खरी होती. आत अळी गेली, हे बघितलेलं. काही दिवसांनी आतून कुंभारीण आली, हेही बघितलेलं. फक्त मधली पानं कुणी उघडली नव्हती. आमच्या खात्यातही असं होतं. पहिला फेरफार असतो, शेवटचा असतो, मधला हरवलेला. मग लोक मनाने जोडतात."

मधलं पान असं. कुंभारीण मडकं झालं की आधी आत एकच अंडं घालते, आणि तेही तळाला नाही. छताला एका बारीक धाग्याने टांगून ठेवते. मग अळ्या आणते. प्रत्येकीला नांगी मारते, पण ठार करत नाही, फक्त लुळी करते. मेलेली अळी कुजेल, लुळी ताजी राहते. फ्रिज नसलेल्या घरची शिदोरी. मडकं भरलं की तोंड मातीने लिंपून ती निघून जाते, पोराचं तोंडही बघत नाही. अंड्यातून निघालेलं पोर धाग्याला लोंबकळत खालच्या अळीला चावा घेतं. अर्धवट लुळी अळी वळवळली तर ते पुन्हा वर सरकतं. सगळा साठा संपवून कोशात जातं आणि शेवटी मडक्याला भोक पाडून नवी कुंभारीण बाहेर पडते.

"हे कुणी बघितलं?" धाकट्याचा आवाज बारीक झाला होता.

"फ्रान्समध्ये झाँ आंरी फाब्र नावाचा एक मास्तर होता. गरीब, पोराबाळांचा धनी. 1879 साली त्याने दगडगोट्यांची, काटेरी, काही न पिकणारी अशी थोडी जमीन घेतली. आमच्या भाषेत वरकस. लोक म्हणाले, हिचं करणार काय? तो म्हणाला, हीच तर हवी होती. तिथेच तो 1915 साली मरेपर्यंत राहिला. 36 वर्षं एका परसात. मडक्याला खिडकी पाडून आत बघत बसायचा. दहा खंड लिहिले त्याने किड्यांवर."

सून केरसुणी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मडकं खिडकीवर राहिलं. खिडकी मात्र गणपतीचे सात दिवस लावता आली नाही आणि डास चावले, हेही सांगायला हवं.

त्याच सुट्टीत वहाळावरच्या माडाला लोंबणारी सुगरणीची घरटी बघितली. नाव सुगरण, पण विणकर नर. तो अर्धं घरटं विणतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडलं तर ती आत जाते आणि मग हा नळी पुरी करतो. नंतर? नंतर दुसऱ्या घरट्याला सुरुवात, दुसऱ्या मादीसाठी. हे कळलं तेही कोकणातच. अलिबागजवळच्या किहीमला 1930च्या पावसाळ्यात, म्युझियममधली नोकरी गेलेला एक माणूस घरट्यांसमोर ठाण मांडून बसला होता. सालिम अली. माझी बायको हे ऐकून म्हणाली, "म्हणजे नाव बाईचं आणि काम पुरुषाचं, असं जगात एक तरी आहे."

दिवाळीत धोबी आला. राखाडी पाठ, पिवळं पोट, वहाळाच्या दगडावर शेपटी वरखाली करत. 20 ग्रॅमच्या आतबाहेरचा जीव, हिमालयातून नाहीतर त्याच्याही पलीकडून येतो. धाकट्याने त्याला यादीत घालताना विचारलं, "पत्ता कुठला लिहू?" मी म्हटलं, "हंगामी कूळ, असं लिही."

आणि मुलाने विचारलं, "सापांचं काय?"

हा प्रश्न योग्य होता. गडग्यात धामण राहते, ती मला माहीत आहे. ती म्हशीच्या पायाला वेढा घालून दूध पिते, ही नुसती आख्यायिका. सापाला ओढून प्यायला ओठच नसतात. ती उंदीर खाते, आणि उंदीर घरात येतात. पण गडग्याच्या दगडांत फुरसंही असू शकतं, हे मी लपवलं नाही. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी इतकी की 1860च्या दशकात इंग्रज सरकारने फुरसं मारणाऱ्याला बक्षीस लावलं. लाखांनी मारली गेली. फुरसं आजही आहे. तेव्हा मारण्यापेक्षा सांभाळणं बरं: रात्री पायात बूट, हातात बॅटरी, गडग्यात हात घालायचा नाही, दगड उचलायचा तर आधी काठीने हलवायचा. विंचवाचंही तेच. थोरलीने एका दगडाखाली पांढऱ्या पोरांचा गठ्ठा पाठीवर घेतलेली विंचवीण लांबून बघितली आणि म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ते हे होय!"

त्याच रात्री न्हाणीपाशी चिक्चिक् ऐकू आलं. मी सगळ्यांना खुणेने बोलावलं. चिचुंद्री भिंतीकडेने निघाली होती आणि तिच्या मागे चार पिल्लं. पहिल्याने आईच्या शेपटीच्या मुळाशी दात रोवलेले, दुसऱ्याने पहिल्याच्या, तिसऱ्याने दुसऱ्याच्या. कोकण रेल्वेची पॅसेंजर जशी. चिचुंद्री उंदीर नव्हे, झुरळं नि किडे खाणारी. डोळे नावापुरते, वास मात्र दांडगा. मुलगा खाली वाकून बघत होता. गाडी गडग्याच्या फटीत शिरली. त्या दिवाळीत त्याने जेसीबीचा विषय काढला नाही.

नाताळच्या सुट्टीत आंब्याला बांडगुळाचा झुबका दिसला. त्याचं झाड होतं कसं, ते मुलांनी त्या वेळी बघितलं. फुलटोच्या म्हणजे अंगठ्याएवढं पाखरू, आपल्याकडच्या सगळ्यात छोट्या पाखरांपैकी एक. तो बांडगुळाची मिटलेली कळी चोचीने टोचतो आणि कळी फट्कन उघडते, पराग त्याच्या डोक्यावर. पुढे फळ खातो, पण बी इतकी चिकट की ती पोटातून आली तरी अंगाला सुटत नाही. मग तो फांदीवर आडवा होऊन घासतो. झालं, बी पेरली गेली. सालिम अलींनी 1931 साली कोकणातल्या याच व्यवहारावर लेख लिहिला होता. "म्हणजे ते झाडाचं रक्त पिणारं आहे ना? काढायला हवं," मुलगा म्हणाला. बरोबर. कलमांवरचं आम्ही दोघांनी मिळून कोयतीने काढलं. रायवळावरचं दोन झुबके ठेवलं. रायवळ जुना आहे, त्याला झेपतं.

रात्री जेवणं झाल्यावर मुलाने वही मागितली. कंदिलाशी धरून पानं उलटली. सुतार, दयाळ, काजवा, वाळवी, मृगाचा किडा, गांडूळ (मूळ कूळ), कढीलिंबाची अळी, कुंभारीण, सुगरण, धोबी (हंगामी), धामण, फुरसं (सावध!), विंचवीण, चिचुंद्री व कुटुंब, फुलटोच्या.

"आणि नोटीस सगळ्यांना बजावली?" तो हसत होता, पण पूर्ण नाही.

"बजावली," धाकटा म्हणाला. "गडग्यापाशी उभं राहून मोठ्याने वाचली. चिचुंद्रीला दिसत नाही म्हणून दोनदा."

"मग?"

"हरकत आली."

"कुणाची?"

धाकट्याने माझ्याकडे बघितलं. "थरथरीची. तुमची गाडी अंगणात आली ना, तेव्हा सगळी गांडुळं आत गेली."

मुलाने वही मिटली. जरा वेळाने म्हणाला, "एक दिवा तरी लागेल, बाबा. फुरशासाठी. आई रात्री न्हाणीत जाते."

दिवा हवाच होता, त्यात मी हरकत घेतली नाही. पिवळा, कमी वॉटचा, वर टोपी घातलेला, उजेड फक्त पायवाटेवर, बटण घरात. ढासळलेला गडगा दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी रचला, दगड आधी काठीने हलवून. थोरलीने वहीच्या शेवटच्या पानावर शेऱ्याच्या जागी लिहिलं:

दिवा, नग एक. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस बसेपर्यंत रात्री आठनंतर बंद. आजी न्हाणीत गेली असल्यास अपवाद.